रिसबूडकाकांची सहा नंबरची काठी

रिसबूडकाकांनी गळाची काठी घ्यायला अडीच वर्षं लावली. काठी एकच घ्यायची होती, आणि घरात मासे खाणारं कुणी नव्हतं. काका आणि काकू दोघंही इतके कडक शाकाहारी की कुणी केक आणला तर अंड्याच्या संशयावरून तो खाली माझ्याकडे यायचा. मी वेंगुर्ल्याची. बँकेने कोलकात्याला बदली केली तेव्हा आई म्हणाली होती, जा बाई, निदान मासे तरी चांगले मिळतील. मासे मिळाले. पण माशांवरून माझं अडीच वर्षं डोकं खाणारा माणूस मिळेल आणि तो वरणभातवाला निघेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

बालीगंजमधल्या त्या जुन्या इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि ते तिसऱ्या. पहिली भेट गच्चीत झाली. रविवारी सकाळी मी वाळत घातलेली चादर काढायला गेले तर ती कुणीतरी पलीकडून ओढत होतं. चादरीला पिवळ्या लोकरीचा एक गोंडा अडकला होता, गोंड्याला दोरी होती आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला, एका लांब लवचिक काठीमागे, बनियन आणि इस्त्रीची पँट घातलेले एक सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ होते. "हलू नका," ते मराठीत म्हणाले. मी मराठी आहे हे त्यांना कसं कळलं, हे मी नंतर विचारलं. दारावरची पाटी वाचली होती म्हणे. गोंडा सोडवून घेतल्यावर त्यांनी खिशातून टेप काढला, चादरीपर्यंतचं अंतर मोजलं आणि सांगितलं, "सत्तावीस फूट. मला तीस वाटलं होतं." बस, एवढंच. सॉरी वगैरे काही नाही. चूक अंतराची झाली होती, ती त्यांनी दुरुस्त केली. माझ्या चादरीचा त्यात काय संबंध?

नोकरीतच त्यांना ही सवय लागली होती. सरकारी वजनमापांच्या प्रयोगशाळेत त्यांची हयात गेली. दुसऱ्याचा किलो खरोखर किलो आहे की नाही, हे तपासायचं काम. त्यांचा जन्म इथलाच. वडील नोकरीसाठी आले ते इथलेच झाले. काका बंगाली बंगाल्यांसारखं बोलायचे आणि मराठी मात्र आमच्या हायस्कूलच्या हेडमास्तरांसारखं. घरी त्यांच्याकडे पितळी वजनांची एक लाकडी पेटी होती, मखमलीत बसवलेली. त्या वजनांना उघड्या हाताने हात लावायचा नाही. काकू म्हणायच्या, देवांना मी रोज अंघोळ घालते त्यांना चालतं, यांच्या वजनांना बोट लागलेलं चालत नाही.

आता हे गळाचं प्रकरण काय, ते सांगते. मलाही तेव्हा माहीत नव्हतं. आमच्याकडे गळाला आमिष लावतात, ते जड असतं, म्हणून पाण्यात जातं. काकांचा प्रकार वेगळा होता. यात आकड्याला पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवतात. तिला वजनच नसतं, मग ती फेकायची कशी? तर वजन दोरीला द्यायचं. काठीने दोरी हवेत मागे-पुढे खेळवायची, सोडायची आणि दोरीबरोबर माशी जाते. काठीला नंबर असतो, तो या दोरीच्या वजनाचा. तीन-चार नंबर म्हणजे ओढ्यातले वीतभर मासे. आठच्या पुढे मोठ्या नद्या आणि समुद्र. तरुणपणी दोन वर्षं त्यांची बदली डोंगरात झाली होती, तिथल्या एका वरिष्ठांनी त्यांना हे शिकवलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः एक मासा धरला आणि सोडून दिला. मग लग्न, मुलगी, प्रयोगशाळा. त्या माशानंतर चाळीस वर्षं त्यांनी फक्त पुस्तकं वाचली.

आणि आता घाई होती. उजव्या हाताला कंपवात सुरू झाला होता. हे त्यांनी मला ओळख झाल्यावर महिन्याभरातच, पावसाची शक्यता सांगावी तशा आवाजात सांगितलं. हात रिकामा असला की थरथरतो, कामाला लावला की जरा गप्प बसतो. पण काम करायची ताकद दर वर्षी कमी होणार. डॉक्टरांनी मुदत सांगितली नव्हती, त्याचा त्यांना राग होता. हिमालयाच्या पायथ्याशी एक नदी त्यांनी ठरवली होती. तिथे जायचं, स्वतःच्या काठीने, स्वतःच्या उजव्या हाताने, एक मासा धरायचा आणि सोडायचा. बाकी काही मागणं नव्हतं. मुलगी बंगळूरला असते, ती म्हणाली होती, बाबा, तुम्ही फक्त तारीख सांगा, तिकिटं मी काढते. तारीख काठीवर अडली होती.

काठी कुठली, हा प्रश्न. त्या नदीत लहान मासे होते तसे महासीरसारखे दांडगे मासेही होते. "पाच नंबर मोठ्या नदीला घाबरते," काका म्हणायचे, "आणि आठ नंबर म्हाताऱ्याला दमवते." मधली हवी. पण मधली म्हणजे सहा की सात? नऊ फूट की साडेनऊ? ताठ की मऊ? फोर्ट विल्यममध्ये एक मराठी कर्नलसाहेब होते, गणेशोत्सवातली ओळख. त्यांच्याकडे पाच, सहा आणि आठ नंबरच्या काठ्या होत्या. सात नंबर त्यांनी कुणा मित्राकडून मिळवून दिली. त्या काठ्या पाळीपाळीने तिसऱ्या मजल्यावर मुक्कामाला यायच्या; गच्चीतली ती काठीही त्यांतलीच. कर्नलसाहेबांना वाटलं होतं आठवड्याचा मामला आहे. "मुलगी बघायला आले होते तेव्हा पोहे संपायच्या आत हो म्हणाले," काकू मला सांगत होत्या, काकांच्या देखत. काका म्हणाले, तेव्हा पर्याय एकच होता.

माशीसाठी पिसं लागायची, कोंबड्याची. ती कर्नलसाहेबांकडून यायची आणि एका बिस्किटाच्या डब्यात, घराबाहेर, चपलांच्या कपाटात राहायची. मोरपीस देवघरात चालतं आणि कोंबड्याचं पीस उंबऱ्याच्या आत चालत नाही, यावर एकदा मी बोलले. काकू म्हणाल्या, मोराचं कुणी कालवण करत नाही. पण पिसं बांधायला बसायच्या त्याच, बाहेरच्या पॅसेजमध्ये पाट टाकून. काकांच्या बोटांना दोरा आवरेनासा झाला होता. काकूंनी चाळीस वर्षं शेजारणींच्या साड्यांना फॉल लावले, त्यांच्या बोटांना गाठ कशी मारायची ते सांगावं लागत नव्हतं. नंतर हात धुऊन चहा ठेवायच्या.

पाच नंबरची परीक्षा घ्यायला काका शहराबाहेरच्या एका तळ्यावर गेले. इकडे अशी तळी असतात. तिकीट काढायचं, दिवसभर गळ टाकून बसायचं आणि मिळेल ते घरी न्यायचं. सगळे पिठाचे गोळे लावून छत्र्यांखाली बसले होते. यांनी पावाच्या तुकड्यासारखी दिसणारी माशी फेकली आणि तासाभरात किलोभराचा ग्रास कार्प काढला. लोक बघायला जमले. कुणीतरी पिशवी पुढे केली. काकांनी आकडा सोडवला, माशाला पाण्यात धरलं आणि जाऊ दिलं.

पिशवीवाल्याचा हात तसाच पुढे राहिला. मग एकाने विचारलं, "छेडे दिलेन?" सोडून दिलात? त्या प्रश्नात इतकं दुःख होतं, असं काका म्हणाले, की मला वाटलं कुणीतरी गेलं. लोक चिडले. कुणी सकाळपासून उपाशी बसलाय, त्याच्या गळाला काही लागत नाही आणि हा परका म्हातारा धरून परत टाकतो? हा माशाचाही अपमान आणि तळ्याचाही! तळ्याच्या समितीचे वयस्कर अध्यक्ष आले. त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं की आपण शाकाहारी आहात, आपला आदर आहे, पण पुढच्या वेळी कृपा करून खाणारं माणूस बरोबर आणा. काकांना हे पटलं. नियम होता आणि नियमात पळवाट नव्हती. म्हणून पुढची दोन वर्षं, दर महिन्याच्या एका शनिवारी, मी खाणारी म्हणून तळ्यावर जात होते. सेक्टर फाइव्हमधल्या आमच्या बँकेच्या ऑफिसात सगळ्यांना वाटायचं मॅडमना नाद लागलाय. नाद कसला डोंबलाचा! मी छत्रीखाली बसून पेपर वाचायचे आणि काकांनी धरलेले मासे घरी नेऊन रांधायचे. काकूंनी त्या दोन वर्षांत माझ्या घरात पाऊल टाकलं नाही; काही द्यायचं असेल तर दारातूनच द्यायच्या.

खरी परीक्षा मात्र घरी चालायची. ती मी पहिल्यांदा बघितली तेव्हा हसायला आलं. काठीची मूठ टेबलाला आवळून बांधायची, शेंड्याला धाग्याने पितळी वजनं टांगायची आणि किती ग्रॅमला काठी किती वाकते ते लिहायचं. एवढं ठीक. त्यानंतर काका काठी हातात धरून खुर्चीत बसायचे. शेंड्याला पेन्सिल बांधलेली, समोर भिंतीवर आलेखाचा कागद. दोन मिनिटं काठी स्थिर धरायचा प्रयत्न करायचा. हात थरथरायचा, पेन्सिल कागदावर गिचमिड करायची. मग त्या गिचमिडीची रुंदी मोजायची. आठ नंबरला हात दमतो म्हणून रुंदी जास्त. पाच नंबर शेंड्याला फार मऊ म्हणून जास्त. सहाला सगळ्यात कमी. पण दोनच महिन्यांनी सातला कमी. पुन्हा सहा. पुन्हा मोजणी.

कागदांवर तारखा घातलेल्या असायच्या. एका रविवारी मी चहाचे कप उचलायला गेले तर गठ्ठा टेबलावर होता. मी सहज चाळला आणि चाळायला नको होता असं वाटलं. सगळ्यात खालच्या, म्हणजे पहिल्या कागदावर पेन्सिलीचा ठिपका होता, मुंगीएवढा. वरच्या कागदावर हाताच्या पंजाएवढं जाळं होतं. काठ्यांचे नंबर प्रत्येक कागदावर होते, पण ते न वाचताही गठ्ठा कळत होता. मी तो होता तसा खाली ठेवला आणि कप न उचलताच घरी आले.

मला जे दिसलं ते काकूंना कधीच दिसलं होतं. त्यांचा संयम सुटला तो मी तिथे असताना. काका सांगत होते की सात नंबरच्या अजून तीन मोजण्या घेतल्याशिवाय निर्णय योग्य होणार नाही. काकू शेंगा सोलत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"काठ्या आहेत तशाच आहेत हो," त्या म्हणाल्या. "बदलतोय तो हात. आणि तुम्ही मोजत बसलाय."

"चूक किती आहे हे कळल्याशिवाय माप वापरायचं नसतं, कुमुद."

"मग वापरूच नका. हात गेला की चूक बरोबर कळेल तुम्हाला. दशांशापर्यंत."

आमच्या घरात असं बोलणं झालं असतं तर भांडी आदळली असती. इथे कुणी आवाजही चढवला नाही. काका भिंतीवरच्या कागदाकडे बघत राहिले. मला त्यांची दया आली आणि रागही आला. इतका हुशार माणूस, आणि एवढी साधी गोष्ट बायकोने सांगावी लागते? पण तीस-पस्तीस वर्षं सरकारने त्यांना हेच शिकवलं होतं की तपासल्याशिवाय शिक्का मारायचा नाही. त्यांनी स्वतःच्या हातावर शिक्का मारायचं राखून ठेवलं होतं. शेवटी ते म्हणाले, "सहा. नऊ फुटी. चार तुकड्यांची." काकूंनी पुन्हा सूप ओढलं.

कर्नलसाहेबांनी काठी मागवून दिली. इतकी तातडीने, की ती अडीच वर्षं ते याचीच वाट बघत असावेत. आल्या दिवशी काकांनी टेप लावला आणि लांबी एका सुताने कमी आहे असं सांगितलं. काकूंनी भिंतीवरचा कागद काढला आणि मागच्या बाजूला वाणसामानाची यादी लिहिली.

थंडीत आम्ही गेलो. मुलीने तिकिटं काढली होती तीन. खाणारं माणूस बरोबर असावं म्हणून तिसरं, असं काका म्हणाले. खरं कारण काकूंनी स्टेशनवर सांगितलं: त्यांचा तोल जातो, मला एकटीला सावरणार नाही. तेव्हा मला ओढून घेऊन जायचं तर सरळ सांगायचं होतं; मी चालत गेले असते.

त्यानंतर दोन महिन्यांत माझी नाशिकला बदली झाली. काकांना पुन्हा भेटणं झालेलं नाही. महिन्यातून एकदा फोन करते, तो काकूच धरतात. फोन काय, चहाचा कपही आता काकांच्या हातात राहत नाही. काकू म्हणतात, भरवते, नाटकं करत खातात. मला रिसबूडकाका म्हटलं की त्या नदीवरची दुपारच आठवते.

नदी स्वच्छ होती, पाणी गारठलेलं. गावातला एक माणूस वाट दाखवायला आला होता. एका मोठ्या दगडामागे मासा बसतो असं सांगून तो काठावर विडी पीत बसला. काका गुडघाभर पाण्यात उभे होते आणि मी त्यांच्यामागे, त्यांच्या कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरून. काकू काठावर स्वेटर घालून, पदर खोचून उभ्या होत्या. दगड चाळीस फुटांवर होता. पहिल्यांदा दोरी काकांच्या टोपीवर पडली. दुसऱ्यांदा माझ्या डोक्यावर. मग जमायला लागली, पण वीस फुटांच्या पुढे जाईना. दहा-बारा वेळा झालं. गच्चीत सत्तावीस फुटांवर चादर पकडणारा माणूस तो. मागे उभी असून मला त्यांचा खांदा थकलेला कळत होता, पट्ट्यातून. शेवटी त्यांनी फेकणं थांबवलं. दोरी होती तिथे पाण्यात राहू दिली आणि हात खाली आणला.

हात रिकामा झाला तसा थरथरायला लागला. हाताबरोबर काठी, काठीबरोबर दोरी. काका पाण्याकडे बघतच नव्हते, हाताकडे बघत होते. मी बघत होते. तिकडे वीस फुटांवर ती पिसांची माशी पाण्यात जिवंत किड्यासारखी तडफडत होती. मग खालून काहीतरी सोनेरी उलटलं आणि काठी वाकली.

खोटं कशाला सांगू, मी ओरडले. काका ओरडले नाहीत. त्यांनी काठी उचलली, दुसऱ्या हाताने दोरी ओढत राहिले, सोडत राहिले. कामाला लागला तसा उजवा हात बराच गप्प झाला. मासा फार मोठा नव्हता, हातभर, महासीरच्या जातीतला. तो पायाशी आला तेव्हा काका धापा टाकत होते. आता आकडा सोडवायचा होता, आणि त्याला दोन स्थिर बोटं लागतात. काकांनी एकदा हात पुढे केला, माशाच्या तोंडापाशी बोटं थडथड उडताना बघितली आणि मागे घेतला. मी वाकले तर मला म्हणाले, तू नको, तुझी नजर खाणाऱ्याची आहे.

काकू पाण्यात उतरल्या. साडीसकट, चपलांसकट. जन्मात त्यांनी मासळीला बोट लावलं नव्हतं.

"हात ओला कर आधी," काका म्हणाले. "कोरड्या हाताने त्याची साल जाते."

"गुडघाभर पाण्यात उभी आहे मी."

"हात, कुमुद. पाय नव्हे."

काकूंनी दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले. एका हाताने मासा पोटाखाली धरला आणि दुसऱ्या हाताने, साडीतून टाचणी काढावी तसा, आकडा फिरवून काढला. मासा लगेच गेला नाही. त्यांच्या तळहातावर, पाण्याखाली, कल्ले हलवत राहिला. मग एका झटक्यात नाहीसा झाला. काकू वाकलेल्याच राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते, आणि माझेही.

काकांनी काठी त्यांच्यापुढे केली. "धर ही," ते म्हणाले. "माझं झालं."

"झालं कसं?" काकू म्हणाल्या. "अजून उजेड आहे."

त्यांनी काठी घेतली नाही. त्या वळून काकांच्या उजव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या, आपला ओला हात त्यांच्या हातावर मुठीसकट आवळून ठेवला आणि विचारलं, मागे कुठे थांबवायची ते सांगा. मी पट्टा सोडला आणि काठावर जाऊन विडीवाल्याच्या शेजारी बसले. तिथून मला त्या दोघांच्या पाठी दिसत होत्या. काठी वर जात होती, मागे येत होती. काका सांगत होते, मनगट वाकवू नकोस. आणि काकू मनगट वाकवत होत्या.